साडेबारा टक्के

गोंदियाजवळ बिरसीला विमानतळ आहे म्हटलं की पुण्या-मुंबईकडचे मित्र आधी हसतात. पण बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली, म्हणजे ती बऱ्याच मोठ्या शहरांच्या विमानतळांपेक्षा जुनी आहे. तिच्याभोवती शहर मात्र उभं राहिलं नाही. आजूबाजूला अजूनही धानाच्या बांध्या आहेत. राज्याच्या दुसऱ्या टोकाला, पनवेलच्या खाडीकाठी उलव्यात, नेमकं उलटं झालं. तिथे शहर आधी कागदावर आलं आणि विमान उतरायला पुढची पंचावन्न वर्षं लागली.

ऐरोली-महाप्याच्या आयटी पार्कात काम करणाऱ्या आमच्यासारख्यांसाठी नवी मुंबई म्हणजे सेक्टर नंबर, रुंद रस्ते आणि परवडेल असं भाडं. हे सगळं 'प्लॅन्ड' आहे, हे आल्याआल्या प्रत्येक जण सांगतो. प्लॅन कोणी केला, याचं उत्तर मात्र सांगतात त्यापेक्षा गुंतागुंतीचं आहे.

सांगितलं जातं ते असं. १९६५ साली 'मार्ग' या नियतकालिकाच्या अंकात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि स्थापत्य अभियंता शिरीष पटेल यांनी एक कल्पना मांडली. मुंबई उत्तरेकडे लांबतच चालली आहे, लोक रोज दक्षिणेकडे कामाला आणि उत्तरेकडे झोपायला जातात. त्यापेक्षा खाडी ओलांडून पूर्वेला नवं शहर वसवा. सरकारने ते मनावर घेतलं. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण भागातली ९५ गावं, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन, नकाशावर एकत्र रंगवली गेली. वीस लाख लोकांचं शहर, एकाऐवजी अनेक केंद्रं, म्हणजे 'नोड', आणि त्यांना जोडणारी रेल्वे. उलवे त्यातलाच एक नोड. सरकारी कचेऱ्याही नव्या शहरात न्यायच्या होत्या. प्रत्यक्षात मंत्रालय दक्षिण मुंबईतून हललं नाही आणि नरिमन पॉइंटला समुद्रात भराव टाकून टॉवर उभे राहतच गेले. वाशीचा खाडीपूल १९७३ ला झाला, लोकल मात्र १९९२ ला पोचली. मधली एकोणीस वर्षं तिथे राहायला गेलेल्यांनी काय सोसलं असेल, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

या योजनेतली खरी हुशारी पैशाच्या गणितात होती. सरकारकडे शहर बांधायला पैसा नव्हता. मग जमीनच भांडवल करायची: शेतजमीन शेतीच्या भावाने घ्यायची, रस्ते-पाणी-गटारं करायची, भाव वाढला की भूखंड विकायचे आणि त्या पैशातून पुढचा नोड उभा करायचा. इंजिनियर म्हणून मला हे मॉडेल आवडतं, कारण ते स्वतःचा खर्च स्वतः भागवतं. पण त्यात एक इनपुट गृहीत धरलेलं होतं. भाव वाढला की ती वाढ कोणाची?

नकाशावर ती जागा मोकळी दिसायची, पण तिथे आगरी-कोळी गावं होती, भातशेती होती, मिठागरं होती, मासेमारी होती. खाडीच्या भरतीचं पाणी अडवून शेतजमीन तयार करणं हे या लोकांचं पिढ्यानपिढ्यांचं काम. मातीचे बांध घालायचे आणि त्यात उघाडी ठेवायची. भरती आली की उघाडी बंद, ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी बाहेर. सिडकोच्या अभियंत्यांनी वाशी-नेरुळकडे सखल जमिनीसाठी धारण तलाव बांधले, झडपा बसवल्या. भरतीला झडप बंद, ओहोटीला उघडी. तत्त्व तेच, माप मोठं. मी भंडारा-गोंदियाच्या मामा तलावांच्या मुलखातला. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे गावाला कोणत्याही आराखड्याच्या आधीपासून माहीत असतं, हे तिथे लहानपणीच कळतं.

जमीन घेतली गेली ती १८९४ च्या भूसंपादन कायद्याने. या कायद्यात भाव ठरतो तो अधिसूचनेच्या तारखेचा. म्हणजे अधिसूचना १९७० ची असेल, तर मोबदल्याचा निवाडा नंतर कधीही होवो, भाव १९७० चाच. तोवर शेजारी सिडकोचे भूखंड कितीतरी पट भावाने विकले जात असले तरी त्याने फरक पडत नाही. शहराच्या मॉडेलमधला नफा आणि शेतकऱ्याचा तोटा एकाच तारखेतून निघत होते.

हे बोलून दाखवणारे मुख्य नेते दि. बा. पाटील. उरण तालुक्यातल्या जासईचे, शेतकरी कामगार पक्षाचे, पेशाने वकील. पनवेलमधून पाच वेळा आमदार, कुलाब्यातून दोनदा खासदार. न्हावा-शेवा बंदरासाठीही जमीन जायला लागली तेव्हा संघर्ष टिपेला पोचला. १६ जानेवारी १९८४ ला दास्तान फाट्यावर आणि दुसऱ्या दिवशी नवीन शेव्याजवळ पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले. पहिल्या दिवशी दोघे, चिर्ले आणि धुतुमचे. दुसऱ्या दिवशी तिघे, पागोट्याचे. त्यांत एक बाप-लेक होते.

या लढ्यातून आलं ते साडेबारा टक्क्यांचं तत्त्व: जेवढी जमीन घेतली, तिच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत. शासन निर्णय निघाला १९९० मध्ये, आणि १९९४ मध्ये तो आधी जमिनी गेलेल्या सगळ्यांना लागू झाला. म्हणजे गोळीबारानंतर दहा वर्षांनी.

आकडा करून बघू. एक एकर म्हणजे ४० गुंठे. त्याचे साडेबारा टक्के, ५ गुंठे. त्यातून सार्वजनिक सोयींसाठी ३.७५ टक्के कापले जातात, हातात येतात ८.७५ टक्के, म्हणजे साडेतीन गुंठे. साधारण ३५४ चौरस मीटर. त्यावर दीड एफएसआय आणि पंधरा टक्के दुकानं-व्यापाराला परवानगी. शेतीच्या भावात हे काहीच नाही, शहराच्या भावात बरंच आहे. शिरीष पटेलांच्या गणितातला 'जमिनीचा वाढलेला भाव' पहिल्यांदा शेतकऱ्याच्या खात्यावर चढला तो इथे. माझ्या मते नवी मुंबईच्या नियोजनातली सगळ्यात मौलिक कल्पना हीच आहे, आणि ती ड्रॉइंग बोर्डवर नाही, दास्तान फाट्यावर तयार झाली. पुढे २०१५ च्या सुमारास आंध्रातल्या अमरावतीत शेतकऱ्यांना विकसित भूखंड परत देण्याची योजना आली, तेव्हा देशभर तिचं कौतुक नवी कल्पना म्हणून झालं.

तिच्यात खोट नव्हती असं नाही. टक्के मोजायचे ते सातबाऱ्यावरून. मिठागरात राबणारा मजूर, खाडीत जाळं टाकणारा कोळी, नावावर जमीन नसलेला, यांच्या शून्याचे साडेबारा टक्के शून्यच. त्यांच्यासाठीचे हिशेब वेगळे आणि कितीतरी तुटपुंजे राहिले. अनेकांनी भूखंड हातात पडण्याआधीच बिल्डरला विकले, कारण लग्नं, आजारपणं दहा वर्षं थांबत नाहीत. आणि गावठाणाची हद्द वाढलीच नाही, म्हणून वाढत्या कुटुंबांनी शेजारी घरं चढवली. सरकारी भाषेत ती 'गरजेपोटी बांधलेली घरं', रोजच्या भाषेत अनधिकृत. आपल्याच गावात.

मग विमानतळ. मुंबईला दुसरा हवा हे ठरल्यावर रेवस-मांडव्याचंही नाव चर्चेत होतं. अखेर उलवे-पनवेलची जागा ठरली. २००७ मध्ये केंद्राची तत्त्वतः मंजुरी, २०१० मध्ये पर्यावरण मंजुरी. ११६० हेक्टर जागा, पण मध्ये नव्वदेक मीटर उंचीची उलवे टेकडी, शेजारी नदी, खारफुटी. टेकडी सुरुंग लावून कापली, नदी वळवली, खारी जमीन भरावाने उचलली. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे, उलवे अशा दहा गावांतली सुमारे तीन हजार कुटुंबं हलली. त्यांना साडेबारा नव्हे, साडेबावीस टक्क्यांचं पॅकेज मिळालं. पॅकेज असं आपोआप वाढत नसतं. त्यासाठी आधीच्या पिढीचं १९८४ लागतं. भराव वर गेल्यावर पाणी खालच्या गावांत शिरलं. पारगाव-डुंगीचे लोक पावसाळ्यात काय म्हणतात ते स्थानिक बातम्यांत सापडेल. बांध-उघाडीची जागा घेणाऱ्या यंत्रणेने तो हिशेब नीट केला होता का, असं त्या बातम्या वाचताना वाटत राहतं.

८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, २५ डिसेंबरला पहिली प्रवासी विमानं सुटली. विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव द्यावं म्हणून २०२१ मध्ये हजारो लोकांनी मानवी साखळी केली, सिडकोला घेराव घातला. बाहेरून आलेल्या आपल्याला हा नावाचा वाद वाटतो. गावकऱ्यांसाठी प्रश्न एवढाच असतो की या शहराच्या कर्त्यांच्या यादीत तिघांपुढे चौथं नाव लागतं की नाही.

दरम्यान अटल सेतूच्या पलीकडे नवा नकाशा तयार झाला आहे. २०२४ मध्ये उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली १२४ गावं, सुमारे ३२३ चौरस किलोमीटर, पुढच्या नव्या शहरासाठी अधिसूचित झाली. त्यात चिरनेर आहे, १९३० च्या जंगल सत्याग्रहाचं. अधिसूचनेवर हरकती मागवल्या गेल्या, आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी त्या गठ्ठ्यांनी नेऊन दिल्या.