उंदीर पडले की गाव उठायचं

माझं घर शिरूरचं, आजोळ दौंड तालुक्यातलं. लहानपणी न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे जाताना नानी एसटीच्या खिडकीतून एका माळाकडे बोट दाखवायची आणि म्हणायची, "वो अपना प्लेग का रान." तिथं ना कबर होती, ना दगड. नुसता कुसळांचा माळ.

पुढं कळलं की, घराच्या आढ्यावरून उंदीर मरून पडू लागले की तिच्या आजोबांच्या काळात अख्खं गाव त्या माळावर जाऊन झोपड्या घालायचं. हिंदू, मुसलमान, सगळेच. दोन-तीन महिने गाव ओस. माणसांना गाठी येण्याची वाट कुणी पाहायचं नाही. उंदीर पडले, एवढी खूण पुरे होती.

ही अडाणी माणसांची घबराट नव्हती. प्लेग मुळात उंदरांचा आणि रानातल्या कुरतडणाऱ्या प्राण्यांचा रोग. त्यांच्या अंगावरच्या पिसवा तो पसरवतात. उंदीर मरून थंड पडला की पिसू त्याला सोडते आणि दुसरं ऊबदार अंग शोधते. उंदीर संपले की ते अंग माणसाचं असतं. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं 1898 मध्ये कराचीत प्रयोग करून हे दाखवलं, तेव्हा बऱ्याच तज्ज्ञांनी ते मानलं नाही. 1905 पासून मुंबईत काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगानं ते पक्कं केलं. आपल्या खेड्यांना पिसवांचं शास्त्र ठाऊक नव्हतं, पण मेलेला उंदीर काय सांगतो ते ठाऊक होतं.

आता सरकारनं काय केलं ते पाहू. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा आला. पुण्यात रँडच्या समितीनं गोऱ्या सैनिकांना घरोघर पाठवलं. देवघरात, स्वयंपाकघरात, जनान्यात बूट शिरले. रोगी ओढून इस्पितळात, घरचे लोक छावणीत, सामान जाळायला. परिणाम एकच झाला, लोक लपवू लागले. आजारी माणूस माळ्यावर, प्रेत परसात. रोगाची खबर ज्यांच्याकडून मिळायची तेच गप्प झाले. 22 जून 1897 ला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, ते आपण शाळेत शिकतो. प्लेग मात्र त्यानंतरही पुण्यातून गेला नाही.

शाळेत न शिकवलेली गोष्ट मुंबईच्या मदनपुऱ्याची. 9 मार्च 1898 ला एका मुस्लीम विणकराच्या घरातल्या आजारी मुलीला तपासायला पथक आलं. घरच्यांनी नकार दिला, जमाव जमला, दंगल उसळली, गोळीबार झाला. त्यानंतर सरकारनं सक्ती सैल केली. वेगवेगळ्या जमातींना आपापली इस्पितळं चालवू दिली. आपल्या ओळखीचा माणूस दारात आला की लोक दार उघडतात, हे दंगलीनंतर उमगलं.

त्याच मुंबईत वाल्देमार हाफकिन यांनी जानेवारी 1897 मध्ये प्लेगची लस तयार केली आणि आधी स्वतःला टोचून घेतली. लोक बिचकत होते. तेव्हा खोजा जमातीचे तरुण इमाम आगाखान, सुलतान मोहम्मद शाह, यांनी सगळ्यांसमोर लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपला बंगलाही दिला. शिपायांच्या बुटांना जे जमलं नाही, ते एका माणसाच्या उघड्या दंडानं बरंचसं साधलं.

आपल्यातले काही जण म्हणतील, साथीत गाव सोडू नये असं हदीसमध्ये आहे, मग आपले पूर्वज माळावर कसे गेले? हदीसचा आशय दुहेरी आहे. साथ असलेल्या मुलखात जाऊ नका आणि तुम्ही तिथं असाल तर बाहेर पळू नका. म्हणजे रोग दुसरीकडे नेऊ नका. हजरत उमर (रजि.) शामकडे निघाले होते. वाटेत सर्ग इथं साथीची खबर मिळताच ते परतले. अल्लाहच्या तकदीरपासून पळता का, असं अबू उबैदांनी (रजि.) विचारलं. आपण त्याच्याच एका तकदीरकडून दुसरीकडे जातोय, असा उमर यांच्या उत्तराचा आशय होता. माझ्या समजुतीप्रमाणे आमच्या लोकांनी दोन्ही पाळलं. ते घरातून उठले, पण आपल्या शिवेतच राहिले. रोग दुसऱ्या गावी नेला नाही.

हा इतिहास जुना म्हणून सोडून देता येत नाही. 1994 च्या सप्टेंबरात बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग निघाला. उंदीर मरत होते, पिसवांचा त्रास होता, हे गावकऱ्यांच्या तोंडून ऑगस्टमध्येच बाहेर आलं होतं. खूण तीच होती, शंभर वर्षांपूर्वीची.

आता आपल्या तालुक्यांकडे या. दौंडच्या अंगाला उजनीचं पाणी पसरलंय. थंडीत तिथं दूरदूरचे पक्षी उतरतात. रानबदकांसारखे पाणपक्षी हे बर्ड फ्लूच्या विषाणूंचं मूळ घर. तिथून तो कोंबड्यांत येऊ शकतो आणि क्वचित कोंबड्यांतून माणसात. दोन्ही तालुक्यांत पोल्ट्री भरपूर. जानेवारी 2021 मध्ये परभणीच्या मुरुंबा गावी कोंबड्या मेल्या आणि बर्ड फ्लू निघाला, तेव्हा शेड चालवणारा माझा एक मित्र म्हणाला, "भाऊ, माझ्या चार मेल्या तर मी खड्ड्यात पुरीन, कुणाला सांगणार नाही. सांगितलं की सगळ्याच मारतात."

मला परसात पुरलेली प्रेतं आठवली. त्याच्या भीतीत खोटं काही नाही. सरकार मारलेल्या कोंबड्यांची भरपाई देतं, आधीच मेलेल्यांची नाही. खरं तर यामुळे लवकर सांगण्यातच फायदा आहे. पण हे त्याला कुणी आधी नीट समजावलं नव्हतं. पैसे कधी हातात पडतील याचाही भरवसा नव्हता. भरवसा नसला की खड्डा खणला जातो.

मेलेला उंदीर, मेलेला कावळा, झिंगत चालणारा कोल्हा, पिसाळलेलं कुत्रं, ही आपल्या दारात सगळ्यांत आधी आलेली खबर असते. ती पशुवैद्यकीय दवाखान्यात पोचवणं आपलं काम. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातानं शिवू नये. कुत्रं किंवा कोल्हा चावला तर जखमेत हळद-चुना न भरता ती साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यावी. आणि खबर देणाऱ्याला शिक्षा झाल्यासारखं वाटू नये, हे सरकारचं काम. 1897 मध्ये पुण्यात नेमकं तेच चुकलं.

गेल्या महिन्यात त्या रस्त्यानं गेलो. नानीच्या प्लेगच्या रानात आता ऊस उभा आहे आणि बांधाला लागून एक पोल्ट्री. शेडवाल्याशी बोललो. मेलेली कोंबडी दिसली तर कुणाला फोन करायचा, हे त्याला माहीत नव्हतं. तालुक्याच्या दवाखान्याचा नंबर शोधून त्याच्या फोनमध्ये घालून दिला.