समावेशक नृत्य-वाचिक शिक्षण

दिव्यांग व इतर मुलांना एकत्र नृत्य, काव्यवाचन आणि कथाकथन शिकविण्याची पद्धती. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने मान्यताप्राप्त शाळांवर समावेशक शिक्षणाची जबाबदारी टाकली असली, तरी विदर्भातील ठळक उदाहरण शाळेबाहेरचे आहे : नागपूरच्या दक्षिणेस सुमारे 100 किमी.वरील वरोऱ्याजवळ, आनंदवन या कुष्ठरुग्ण-पुनर्वसन केंद्रात, तेथील कार्यकर्ते विकास आमटे यांनी उभारलेल्या ‘स्वरानंदवन’ वाद्यवृंदात अंध गायक, कर्णबधिर नर्तक व कुष्ठमुक्त कलाकार एकाच मंचावर येतात. कर्णबधिर मूल जमिनीतील कंपने, मोजणीच्या खुणा आणि सोबत्याची हालचाल यांवरून ताल पकडते. अंध मुलाला हस्तमुद्रा स्पर्शाने, तर संहिता ब्रेलमध्ये, म्हणजे उठावाच्या ठिपक्यांच्या लिपीत, द्यावी लागते. खुणांच्या भाषेतील सादरीकरणही वाचिकात, म्हणजे काव्यवाचन-कथाकथनात, धरले जावे, अन्यथा कर्णबधिर मूल तेथे केवळ प्रेक्षक उरते.