लावलेल्या आगीचं कूळ

जंगल निरोगी राहावं म्हणून ठरवून लावलेली आग आज वनशास्त्राचं तंत्र म्हणून शिकवली जाते. भारतात मात्र या तंत्राचं कूळ शोधत गेलं, की हाती लागतो तो एक गुन्हा. १८६४ साली डीट्रिश ब्रँडिस हिंदुस्थानचे पहिले वन महानिरीक्षक झाले. त्याच सुमारास सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात कॅप्टन पिअर्सन यांनी आग पूर्ण बंद ठेवण्याचा प्रयोग मांडला. नव्या गवतासाठी, मोहफुलं वेचण्यासाठी, फिरत्या शेतीसाठी पाचोळा जाळणारे आदिवासी या हिशेबात जंगलाचे शत्रू ठरले, आणि १८७८च्या वन कायद्याने राखीव जंगलात आग लावणं शिक्षापात्र केलं.

बिनसलं ते साहेबांच्याच हिशेबात. ब्रह्मदेशातल्या सागाच्या आणि बंगाल-आसामातल्या ओलसर सालाच्या जंगलांत आग थांबली, तशी नवी रोपंही थांबली. वर जुनी झाडं डौलात उभी, खाली सदाहरित झुडपांची दाटी, आणि साग-सालाचं पोर औषधालाही नाही. सागाच्या बीचं कवच कठीण. रुजायला त्या बीला उघडी, ऊन खाल्लेली जमीन लागते. रोप आगीत जळालं तरी मुळापासून पुन्हा फुटतं, गर्द सावलीत मात्र खंगतं. १८९६ मध्ये स्लेड या वनाधिकाऱ्याने ‘इंडियन फॉरेस्टर’मध्ये ब्रह्मदेशात आगीपासून फाजील संरक्षण चाललंय, अशी उघड तक्रार केली. वाद पुढे कितीतरी वर्षं रंगला आणि अखेर वनखात्याने कोरड्या हंगामाच्या सुरुवातीची नियंत्रित आग पत्करली. या वेळी पाचोळ्याचा वरचा थर वाळलेला असतो, खालचा दवाने ओला. ज्वाळा जमिनीलगत सरकते आणि मोठ्या झाडाच्या सालीला नुसती झळ लागते. कर्नाटकातल्या बिळिगिरीरंगन डोंगरातले सोलिगा आदिवासी अशीच आग लावत आले होते. त्यांना कुणी वनशास्त्रज्ञ म्हटलं नाही, ही गोष्ट वेगळी.

यावर आक्षेप ठरलेला: आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसांमुळेच लागतात, मोहाखालचा पाचोळा पेटवताना आग हाताबाहेर जाते, तीच जमीन दरवर्षी जळाली तर कोवळी रोपं तगत नाहीत, आणि सह्याद्रीतल्या सदाहरित राईला तर एक आगही भारी पडते. सगळं खरं. पण हे आक्षेप आगीच्या वेळेवर, जागेवर आणि वारंवारतेवर आहेत. एरवी वनखातंही उन्हाळ्याआधी वणवा अडवणाऱ्या जाळरेषा जाळतंच की!

अधिक अवघड आक्षेप दुसरा आहे. बिळिगिरीरंगनमध्ये १९७४ साली अभयारण्य झालं, पुढे सोलिगांची आग बंद पडली. त्या आगीमुळे घाणेरीची रोपं आणि आवळ्यावरचं बांडगूळ आटोक्यात राहायचं, असं ते सांगतात. आज घाणेरी माणसाच्या डोक्याच्या वर गेली आहे. अशा जंगलात जुनी आग जशीच्या तशी लावली, तर ज्वाळा त्या झुडपांवरून थेट झाडांच्या शेंड्यांकडे चढेल. म्हणजे काडी ओढण्याआधी घाणेरी मुळासकट उपटायला हवी, आणि ते काम एका हंगामाचं नाही.