धनुष्कोडीचे लुप्त रेल्वे-स्थानक

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या यंदाच्या स्मरणिकेसाठी इतिहासविषयक एखादा लेख द्यावा, अशी चिटणीसांची सूचना आली तेव्हा प्रथम आमच्या डोळ्यांपुढे उभी राहिली ती आमच्या देवघरातील तांब्याची एक लहानशी डबी. तिच्यात मूठभर वाळू आहे. आमची आजी १९५८ साली ज्ञातीतील काही मंडळींसमवेत रामेश्वराच्या यात्रेस गेली होती. तेथून पुढे जाऊन सेतुस्नान करून तिने ही वाळू आणिली. काशीयात्रेचा परिपाठ असा की, सेतूची वाळू प्रयागास त्रिवेणीसंगमात सोडावी, तेथील गंगाजल घेऊन पुन्हा रामेश्वरास यावे व त्याचा अभिषेक करावा. तेव्हा यात्रा पूर्ण होते. आजीला प्रयागास जाण्याचा योग आला नाही. वाळू घरातच राहिली.

आजी सांगे, "मद्रासेहून आगगाडीत बसलो ती थेट समुद्रात नेऊन सोडते. पुढे रूळच नाहीत, पाणीच." ते स्थानक धनुष्कोडीचे. पुढे शाळेत भूगोल शिकवू लागलो तेव्हा नकाशावर धनुष्कोडीचे नाव आम्हांस सापडे, परंतु रेल्वेच्या वेळापत्रकात ते कोठेही आढळत नसे. नाव आहे, गाव नाही. रूळ होते, गाडी नाही, हे काय गूढ आहे, ह्याचा शोध घेण्याचे आम्ही तेव्हाच मनाशी ठरविले. त्या शोधाचे फलित येथे सादर करीत आहोत.

प्रथम स्थलवर्णन. तामिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यातील पांबन बेट हेच रामेश्वरचे बेट होय. ह्या बेटाला आग्नेय दिशेस वाळूची एक लांब, निमुळती जीभ फुटली आहे. तिच्या एका बाजूस बंगालचा उपसागर व दुसऱ्या बाजूस मन्नारचे आखात आहे. तिच्या टोकाशी धनुष्कोडी. 'कोटी' म्हणजे टोक. बिभीषणाच्या विनंतीवरून श्रीरामचंद्रांनी धनुष्याच्या टोकाने सेतू भंगिला, अशी कथा असून तिच्यावरून हे नाव पडले. येथून श्रीलंकेतील तलैमन्नार समुद्रमार्गे सुमारे वीस मैल.

ह्या वाटेशी महाराष्ट्राचा संबंध प्राचीन आहे. काशीची कावड रामेश्वरास नेत असता तृषेने तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखी नाथमहाराजांनी ते गंगाजल घातले, ही कथा आपल्यापैकी कोणास ठाऊक नाही? तंजावरच्या भोसले राजघराण्याने रामेश्वराच्या मार्गावर यात्रेकरूंसाठी अन्नछत्रे घातली. दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळी, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, ओरत्तनाडु येथे उभे राहिलेले मुक्तांबाल छत्र त्यांपैकीच एक होय. आपले पूर्वज पायी चालत त्या मार्गाने गेले आणि परमुलखात मराठी राजाच्या छत्री जेवले, हे विसरता कामा नये.

आता रेल्वेकडे वळू. मद्रासहून सिलोनास जाणारा उतारू पूर्वी रेल्वेने तुतिकोरिनास जाई व तेथून आगबोटीने कोलंबोस पोहोचे. समुद्रप्रवास लांबचा. पांबन आणि मुख्य भूमी ह्यांच्यामध्ये खाडी आडवी असल्याने रामेश्वरच्या यात्रेकरूसही होडीचाच आधार असे. स्वामी विवेकानंद अमेरिकेहून परत येताना सिलोनमार्गे १८९७ च्या जानेवारीत पांबन येथे उतरले व रामनाडच्या सेतुपती राजांनी त्यांचे स्वागत केले, तेव्हाही तेथे पूल नव्हता. हिंदुस्थान व सिलोन ह्यांच्यामध्ये सलग पूल बांधण्याचाही विचार झाला होता. परंतु खर्चाचा आकडा फार मोठा झाल्याने तो बाजूस पडला. पांबनच्या खाडीपुरता पूल बांधावा, बेटाच्या टोकापर्यंत रूळ न्यावेत व उरलेले अंतर आगबोटीने काटावे, असा मध्यम मार्ग निघाला. १९११ साली काम सुरू झाले आणि २४ फेब्रुवारी १९१४ रोजी पांबनचा पूल वाहतुकीस खुला झाला. त्याची लांबी दोन किलोमीटरांहून अधिक असून जहाजांना वाट देण्यासाठी त्याचा मधला भाग दुभंगून वर उचलला जाई. मुंबईचा वांद्रे-वरळी सागरी सेतू होईपर्यंत समुद्रावरील इतका लांब पूल आपल्या देशात दुसरा नव्हता.

येथे एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. मुख्य मार्ग पांबनहून सरळ धनुष्कोडीस जात होता. रामेश्वर ही केवळ पांबनहून फुटलेली एक शाखा होती. मद्रासच्या एग्मोर स्थानकावरून निघणारी 'बोट मेल' रामेश्वरास न जाता थेट धक्क्यापाशी जाई व उतारू गाडीतून उतरून तलैमन्नारच्या आगबोटीत चढत. ह्या वाहतुकीच्या बळावर वाळूत गाव वसले. स्थानक, बंदराची व जकातीची कचेरी, टपाल कचेरी, रेल्वेचे छोटे रुग्णालय, प्राथमिक शाळा, देवालय, ख्रिस्ती प्रार्थनामंदिर, यात्रेकरूंच्या धर्मशाळा, असे सर्व काही तेथे होते. सिलोनच्या चहामळ्यांवर जाणारे हजारो तामिळ मजूर मंडपम येथील छावणीत तपासणी होऊन ह्याच मार्गाने पलीकडे गेले.

आपले माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम ह्यांचा जन्म १९३१ साली रामेश्वरात झाला. त्यांचे वडील होडीतून यात्रेकरूंना धनुष्कोडीस नेत-आणीत. दुसऱ्या महायुद्धात रामेश्वरास गाडी थांबणे बंद झाले, तेव्हा धावत्या गाडीतून फेकलेले वृत्तपत्रांचे गठ्ठे उचलण्याच्या कामी बाल कलामांनी मदत केली व आयुष्यातील पहिली कमाई मिळविली, असे त्यांनीच आत्मचरित्रात नमूद केले आहे.

पन्नास वर्षे हा क्रम अखंड चालला. १९६४ च्या डिसेंबरात अंदमानच्या समुद्रात उत्पन्न झालेले वादळ वाढत वाढत सिलोन ओलांडून २२ तारखेच्या रात्री धनुष्कोडीवर आले. त्याच रात्री ११ वाजून ५५ मिनिटांनी ६५३ क्रमांकाची पॅसेंजर गाडी पांबनहून धनुष्कोडीस निघाली. नोंदीप्रमाणे तिच्यात ११० उतारू व रेल्वेचे ५ नोकर होते. स्थानक काही शे हातांवर राहिले असता समुद्राची प्रचंड लाट गाडीवर कोसळली. एकही जीव वाचला नाही. ही गाडी पांबनच्या पुलावरून समुद्रात पडली, असा समज पुष्कळांचा आहे; तो खरा नव्हे. पूलही त्याच रात्री मोडला, म्हणून दोन आपत्ती लोकांच्या स्मरणात एक झाल्या. गाडी पूल मागे टाकून स्थानकाच्या उंबरठ्याशी पोहोचली होती.

मृतांचा ११५ हा आकडाही पुरता मानू नये. तो तिकिटांच्या हिशेबावरून आलेला आहे. तिकीट न काढता बसलेले कोळी, मजूर, भिक्षेकरी ह्यांची मोजदाद कोण ठेवणार? इतिहासाच्या वहीत ज्याचे तिकीट नाही तो मेला तरी मोजला जात नाही, ही गोष्ट इतिहास लिहिणाऱ्याने मनात वागविली पाहिजे. वादळाने दोन्ही देशांत मिळून अठराशेंवर माणसे दगावली, असे सांगण्यात येते.

आता मुख्य प्रश्न: स्थानक नाहीसे झाले ते केवळ लाटेमुळे काय? आम्हांस तसे वाटत नाही. पुलाचे बहुतेक सर्व तुळईखंड वाहून गेले होते, तरीही श्री. ई. श्रीधरन ह्या तरुण अभियंत्याच्या देखरेखीखाली अवघ्या ४६ दिवसांत तो पुन्हा उभा राहिला. पुढे कोकण रेल्वे बांधणारे श्रीधरन ते हेच. मग पांबनपुढील वाळूतले रूळ का घातले गेले नाहीत? कारणे दोन. पहिले असे की, शासनाने ती भूमी मनुष्यवस्तीस अयोग्य ठरविली. दोन्ही बाजूंस समुद्र व पायाखाली वाळू, अशा जागी गाव पुन्हा वसविणे म्हणजे माणसांना पुन्हा त्याच संकटाच्या तोंडी देणे होय. दुसरे असे की, आगबोटीचा धक्का रामेश्वरास हलविता आला. वादळाच्या दोनच महिने आधी, ऑक्टोबर १९६४ मध्ये, श्री. लालबहादूर शास्त्री व श्रीमती सिरिमावो बंदरनायके ह्यांच्यामध्ये करार होऊन सिलोनातील सव्वापाच लाख भारतीय वंशाच्या लोकांना परत घेण्याचे भारताने मान्य केले होते. ती मंडळी पुढे आली ती रामेश्वराच्या धक्क्यावर. ज्यांचे आजे-पणजे धनुष्कोडीहून गेले, त्यांना परत येताना धनुष्कोडी उरले नव्हते. शाखा होती ती मुख्य मार्ग झाली, मुख्य मार्ग नाहीसा झाला. श्रीलंकेतील यादवीमुळे १९८० नंतरच्या दशकात ती आगबोटही बंद पडली.

तात्पर्य, लाटेने स्थानक मोडिले. परंतु ते मोडलेलेच राहू द्यावे हा निर्णय मनुष्याचा होता, आणि आमच्या मते तो शहाणपणाचा होता.

पुढील हकीकत थोडक्यात. २०१७ साली टोकापर्यंत, म्हणजे अरिचलमुनैपर्यंत, पक्का रस्ता झाला. २०१९ च्या मार्चमध्ये रामेश्वर ते धनुष्कोडी रेल्वेमार्ग पुन्हा घालण्याची कोनशिला बसविण्यात आली. पण किनाऱ्याच्या नाजूक पर्यावरणाचा प्रश्न पुढे येऊन ती योजना मागे पडली. पांबनचा जुना पूल २०२२ च्या डिसेंबरात बंद झाला व ६ एप्रिल २०२५ रोजी, रामनवमीस, शेजारच्या नव्या पुलाचे उद्घाटन झाले. धनुष्कोडीस प्रार्थनामंदिराच्या व इतर इमारतींच्या पडक्या भिंती उभ्या आहेत. वाटेवरील कोदंडराम मंदिर मात्र त्या वादळातूनही वाचले. बिभीषण श्रीरामांस शरण आला तो येथेच, असे मानितात.

असो. ज्ञातिबांधवांस व भगिनींस आमची एक विनंती आहे. आपल्या वाडवडिलांपैकी अनेकांनी ती यात्रा केली असेल. जुन्या पेट्यांतून यात्रेच्या खर्चाच्या वह्या, पत्रे, रेल्वेची तिकिटे सापडली, तर ती रद्दीत घालू नयेत. संस्थेच्या कचेरीत आणून द्यावीत. ज्यांना कोणी मोजले नाही त्यांची नावे सरकारी दप्तरात मिळणार नाहीत. आपल्या माणसांची तरी आपण जपून ठेवावी.

आजीची ती वाळू ज्या किनाऱ्यावरून आली तेथे आज गाडी जात नाही. प्रयागास मात्र गाड्या नित्य जातात. येत्या माघात आम्ही ती डबी घेऊन तिकडे जाणार आहोत.