रोहिणीतली गाडीवाट

साल १९०४, मे महिन्याची अखेर. तुम्ही अनसिंगात आहात आणि अकोल्याला जाऊन आगगाडी गाठायची आहे.

जिल्हा वाशिमच, पण तुमच्या ओळखीचा नव्हे. इंग्रजांच्या कागदांत तो ‘बासीम’ आहे. वाशिम, मंगरूळ आणि पुसद हे त्याचे तालुके. पुढच्याच वर्षी हा जिल्हा मोडणार, वाशिम-मंगरूळ अकोल्यात जाणार, पुसद यवतमाळकडे. तो पुन्हा उभा राहायला १९९८ साल उजाडावं लागेल.

सकाळचे नऊ वाजलेत तरी गल्लीत माणूस नाही. तुम्ही घाईघाईनं गाडीवानाकडे जाता. तो निंबाखाली बैलांच्या पाठीवर पाणी मारत असतो. मान वर न करता म्हणतो, “आता काहून निघता मालक? बैल मराचे हायेत का? जेवा, झोपा. दिवस बुडाला का जुपतो.”

वाद घालण्यात अर्थ नाही. रोहिणी नक्षत्र लागलंय. दुपारी ओसरीवर पडून तुम्ही झळा सोसता. कैरीचं पन्हं पिता, घाम येतो आणि आल्या आल्या सुकतो. गावात शृंगऋषींचं देऊळ आहे. ऋष्यशृंगाचं पाऊल पडलं आणि कोरड्या अंगदेशात पाऊस आला, अशी महाभारतात कथा आहे. ते ऋषी हेच की दुसरे, हा वाद घालण्याइतकाही जीव या उन्हात उरत नाही.

दिवस मावळल्यावर गाडी जुंपली जाते. सोबत पाण्याची छागल, भाकरी, ठेचा आणि उशाला कांदा. कांद्यानं ऊन बाधत नाही म्हणतात. खरं-खोटं कोण जाणे, पण तो टाकून द्यायची तुमचीही छाती होत नाही. वाशिम सात-आठ कोस, म्हणजे रात्रभराची वाट. पौर्णिमेच्या आसपासचं चांदणं आहे, म्हणून कंदील विझवूनच ठेवलाय. दोन्ही बाजूंना वखरून ठेवलेली काळी रानं. न वखरलेल्या पडीक तुकड्यांत पाय जाईल एवढ्या भेगा. तुम्ही अंगावर घोंगडी ओढता आणि तुमचंच तुम्हाला नवल वाटतं. पण हे बालाघाटाचं पठार आहे. वाशिम समुद्रसपाटीपासून सुमारे ५४० मीटर उंच. दिवसा जाळणारा वारा इथे मध्यरात्रीनंतर गार होतो.

चाकं मात्र खडखडत, न अडकता चालली आहेत, आणि इथेच गाडीवानाच्या सगळ्या हिशोबाची मेख आहे. माणसाला नको असलेलं हे ऊन गाडीला हवं असतं. काळी माती अशी दगडासारखी वाळली म्हणजेच चाकोरी टणक होते. पावसाचे दोन मोठे शिरवे आले की हीच माती चाकाला धरून बसते, आरे दिसेनासे होतात आणि चांगली जोडीसुद्धा गुडघे टेकते. म्हणून मृगाच्या आत मीठमिरची भरायची, सरकी आणायची, लेकीबाळींना पोचवायचं. जूनचा पहिला आठवडा सरला की काळ्या रानातल्या गावांची दारं मिटतात.

पहाटे वाशिम. पद्मतीर्थावर तोंड धुता, दिवसभर सावलीत पडता आणि संध्याकाळी हिंगोलीहून अकोल्याला जाणाऱ्या खडीच्या सडकेला लागता. पंचवीस कोस अजून बाकी आहेत. चाकांचा आवाज बदलतो. चार वर्षांपूर्वीच्या दुष्काळात वऱ्हाडभर लोकांनी सरकारी कामांवर अशीच खडी फोडून पोट भरलं. गाडीवान त्याबद्दल बोलत नाही. तुम्ही विचारता तेव्हा तो बैलांना हाकारतो.

मालेगाव मागे पडतं, मग मेडशी. एका पहाटे पातूरचा घाट उतरू लागता आणि हवा अंगावर येते, भट्टीचं दार उघडल्यासारखी. सूर्य उगवायचा आहे तरी ही गत. पठार संपलं, खाली पयानघाटाचं खोरं. अकोला वाशिमपेक्षा अडीचशे मीटरनं खोल आहे. मेमध्ये तिथे पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो आणि रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात. याच खोऱ्यातून कापसासाठी इंग्रजांनी रेल्वे आणली. ती १८६७ मध्ये नागपूरला पोचली, पण पठारावरच्या लोकांना अजून बैलांच्याच पायांनी तिच्यापर्यंत यावं लागतं. वाशिमला रूळ पोचायला आणखी अर्धशतक तरी जायचंय.

अकोल्याच्या स्टेशनाबाहेर तुम्ही पैसे मोजता आणि परतीला याल का म्हणून विचारता. गाडीवान आभाळाकडे बघतो. पश्चिमेला कापसाच्या पेळूएवढा एक ढग आहे.

“मृग लागाच्या आधी आले तं गाडी घेऊन येतो,” तो म्हणतो. “मंग आले तं वाशिमपावतर या कसंबी. तिथून म्होरं मी बैल घेऊन येईन, गाडी नाई. चिखलात पायी चालाची तयारी ठेवजा.”