दोन नंबरचा रिमोट

२००४ च्या दिवाळीत आमच्या घरी व्हिडिओ गेम आला. बाबांनी तापकीर गल्लीतून आणला होता, साडेसहाशे रुपयांना. खोक्यावरचं चित्र आतल्या मालापेक्षा खूपच भारी होतं. आत एक लाल-पांढरा डबा, दोन रिमोट, एक पिस्तूल आणि '९९९९ इन १' असं लिहिलेली पिवळी कॅसेट. त्याला 'कंट्रोलर' म्हणतात हे फार पुढे कळलं. तोवर तो रिमोटच होता आणि कार्ट्रिज ही कॅसेटच होती.

ताई तेव्हा बारा वर्षांची, मी सात. तिने दोन्ही रिमोट उलटेपालटे करून पाहिले आणि त्यातला एक माझ्या हातात ठेवला. माझ्या रिमोटला दोन बटणं कमी होती. तिच्या रिमोटवर मधोमध 'सिलेक्ट' आणि 'स्टार्ट' होतं, माझ्यावर त्या जागी नुसतं गुळगुळीत प्लास्टिक. म्हणजे गेम कोणता लावायचा, कधी सुरू करायचा आणि कधी थांबवायचा, सगळं तिच्या हातात. मी भोकाड पसरलं. आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "ती मोठी आहे ना? मग एक नंबर तिचा."

ती दोन बटणं का नव्हती? स्वस्तातला माल, दुसरं काय, असं मी बरीच वर्षं समजत होतो. खरं कारण जपानमध्ये होतं.

१५ जुलै १९८३ रोजी निन्टेंडोने जपानात 'फॅमिली कॉम्प्युटर' बाजारात आणला. लोक त्याला 'फॅमिकॉम' म्हणू लागले. मासायुकी उएमुरा या इंजिनिअरच्या देखरेखीखाली तो तयार झाला. डबा लाल-पांढरा, दोन्ही रिमोट वायरने कायमचे जोडलेले, काढता न येणारे. एक नंबरच्या रिमोटवर स्टार्ट-सिलेक्ट होतं. दोन नंबरवर ते नव्हतं, त्याऐवजी एक छोटा मायक्रोफोन होता. पुढे १९८५ पासून अमेरिकेत हेच यंत्र 'एनईएस' नावाने विकलं गेलं, तेव्हा दोन्ही रिमोट अगदी सारखे झाले. पण आमच्या घरी आलेली नक्कल जपानी डब्याची होती. नक्कल करणाऱ्याने पैसे वाचवायला मायक्रोफोन काढून टाकला आणि बटणांची रिकामी जागा तशीच ठेवली. माझ्या हातात आलेलं प्लास्टिक म्हणजे वीस वर्षांपूर्वीच्या एका जपानी निर्णयाचं टरफल होतं.

नव्वदच्या दशकात 'समुराई', 'मीडिया', 'लिटल मास्टर' अशा नावांनी हे डबे आपल्याकडे मिळायचे. अस्सल निन्टेंडो कुणाच्या घरी असलाच, तर तो परदेशातल्या मामाने आणलेला. त्यामागे सरकारी धोरणही होतं. १९९१ नंतर अर्थव्यवस्था खुली झाली खरी, पण परदेशी ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरची बरीच बंधनं त्यानंतरही दहाएक वर्षं टिकली. जागतिक व्यापार संघटनेत भारत अमेरिकेविरुद्धचा खटला हरला आणि १ एप्रिल २००१ रोजी उरलेल्या ७१५ वस्तूंवरची संख्यात्मक बंधनं उठली. त्यानंतर चिनी माल गल्लीबोळांत पोहोचला.

दुसरं कारण चिपमध्ये होतं. फॅमिकॉमचा मेंदू ६५०२ या आठ बिटी प्रोसेसरवर बेतलेला होता. इंजिनिअरिंगला ज्यांनी ८०८५ च्या किटवर हेक्स कोड टाइप करत बोटं झिजवली, त्यांना ही पिढी ओळखीची वाटेल. मूळ यंत्रात प्रोसेसर वेगळा आणि चित्र काढणारी चिप वेगळी होती. नक्कल करणाऱ्यांनी पुढे ते सगळं एकाच चिपमध्ये कोंबलं. चिप एवढी स्वस्त झाली, की पुण्यातल्या एका कारकुनाच्या दिवाळीच्या बजेटमध्ये बसली. कॅसेटवरचा ९९९९ हा आकडा अर्थातच थाप होती. पंधरा-वीस गेम होते आणि तेच वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा येत.

पण मुळात रिमोट दोन कशासाठी?

आज आपण फोनवर एकटे खेळतो, त्यामुळे गेम म्हणजे एका माणसाचं काम असं वाटतं. सुरुवात उलटी झाली होती. १९५८ साली विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टेनिस दाखवलं, ते दोघांसाठी होतं. १९६२ साली एमआयटीत 'स्पेसवॉर' तयार झाला, त्यातही समोर दुसरा माणूस लागायचा. १९७२ चा 'पाँग' एकट्याला खेळताच येत नसे. यंत्राला प्रतिस्पर्धी होण्याइतकी अक्कल देणं अवघड आणि महाग होतं. त्यापेक्षा शेजारी एक माणूस बसवणं सोपं.

सगळ्या जगाला माहीत असलेला धाकटा भाऊसुद्धा याच गरजेतून जन्मला. १९८३ च्या 'मारिओ ब्रदर्स'मध्ये दुसऱ्या खेळाडूसाठी कुणीतरी हवं होतं. नवं चित्र काढायला मेमरी पुरेना, म्हणून मारिओचेच रंग बदलले आणि लुइजी झाला. थोरल्याचे कपडे अंगावर घालून आलेला धाकटा! आमच्या चाळीत हे कुणालाही समजावून सांगावं लागलं नसतं.

'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये दोघं एकाच वेळी खेळत नाहीत. मारिओ मेला की लुइजीची पाळी. ताई मरतच नसे. मी शेजारी मांडी घालून, हातात दोन नंबरचा निरुपयोगी रिमोट धरून, तिच्या मरणाची वाट पाहत बसायचो. माझी पाळी आली की पहिल्याच खड्ड्यात पडायचो. त्यामुळे आमचा खरा गेम होता 'कॉन्ट्रा'. कोनामीने तो १९८७ साली काढला, घरच्या यंत्रांवर १९८८ साली आला. यात दोघं एकदमच खेळतात. निळ्या विजारीतला पहिला, लाल विजारीतला दुसरा. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए असं दाबलं की तीस जीव मिळतात. ही युक्ती काझुहिसा हाशिमोतो या प्रोग्रॅमरने आधीच्या एका गेमची चाचणी सोपी व्हावी म्हणून घातली होती. जपानातल्या एका ऑफिसातली ही सोय धनकवडीच्या आमच्या जिन्यात सगळ्या पोरांना पाठ होती. इंटरनेट तर कुणाकडेच नव्हतं. तोंडी परंपरा म्हणतात ती हीच.

माझे जीव संपले की मी तिच्यातला एक उसना घ्यायचो. गेमच तशी मुभा देतो. ती ओरडायची, पण घेऊ द्यायची.

तिसऱ्या टप्प्यावर धबधबा आहे. तिथे वर वर चढत जायचं. पडदा एकच आणि तो वर जाणाऱ्याबरोबर सरकतो. जो मागे राहतो, त्याच्या पायाखालची जमीन पडद्याबाहेर जाते आणि तो मरतो. शत्रूची गोळी लागत नाही, जोडीदार पुढे गेला म्हणून मरतो. ताई प्रत्येक दगडावर थांबायची. "उडी मार. आता. अरे, आता!" तेव्हा पुण्यातही लोडशेडिंग असायचं. त्या कॅसेटमध्ये डाव जपून ठेवायची सोय नव्हती. वीज गेली की सगळं पहिल्यापासून, आणि पुन्हा त्याच दगडावर ती थांबलेली.

२००६ च्या जूनमध्ये उद्योगांच्या मदतीने 'पुणे मॉडेल' आलं आणि शहराचं लोडशेडिंग थांबलं. आता डाव मोडणार नव्हता. वर्षभरात ताई दहावीला गेली. आईने रिमोटच्या वायरी गुंडाळल्या, डबा प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि माळ्यावर टाकला. परीक्षा झाल्यावर तो खाली आला, तो माझ्यासाठी. ताईला म्हणाली, "आता काय लहान आहेस का?" ताई तेव्हा सोळा वर्षांची होती. मी सोळाचा झालो तेव्हा मला हे कुणी विचारलं नाही.

हे फक्त आमच्या घरातलं नव्हतं. अमेरिकेत निन्टेंडोने आपलं यंत्र खेळण्यांच्या दुकानांतून विकलं आणि त्या दुकानांत मुलांची रांग वेगळी, मुलींची वेगळी. १९८९ साली कंपनीने हातात मावणारं यंत्र काढलं, त्याचं नावच 'गेम बॉय'. तरी घरातल्या टीव्हीचा एक फायदा होता. तो सगळ्यांसमोर, बैठकीच्या खोलीत होता. मुलीने तिथे खेळायला कुणाची परवानगी लागत नव्हती. पुढे गेमच घराबाहेर गेले.

२०१० च्या सुमारास मी शाळा सुटल्यावर कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत जाऊ लागलो. तासाला वीस रुपये. आठ कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले आणि सगळ्यांवर 'काउंटर-स्ट्राइक'. प्रत्येकाला स्वतंत्र पडदा. कुणासाठी थांबायची गरज नाही. पुढे गेलात तर मागच्याचं काही बिघडत नाही, निदान पडद्यावर तरी. घरी येऊन मी ताईशी कॅफेतल्या पोरांच्या भाषेत बोलायचो आणि तिला समजलं नाही की हसायचो. माळ्यावरच्या डब्याची मला लाज वाटू लागली होती.

परवाच्या दिवाळीत ताई माहेरी आली होती. तिची मुलगी सहा वर्षांची. तिला कुणीतरी '४०० इन १' लिहिलेला हातातला गेम दिला होता. त्याला वायर लावली की टीव्हीवर दिसतो आणि जादा रिमोटही जोडता येतो. आत तेच जुने गेम, तेच आठ बिट. आम्ही आमचं जुनं पिस्तूल शोधून काढलं आणि ते आता चालणारच नाही हे भाचीला समजावलं. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होऊन बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा आणि पिस्तुलातला सेन्सर तो उजेड हेरायचा. त्याचं गणित जुन्या काचेच्या टीव्हीशी जुळवलेलं, आजच्या सपाट टीव्हीशी जुळत नाही.

बोलता बोलता मी म्हणालो, "तुला कॅफेत न्यायला हवं होतं मी. चुकलंच."

"मी आले होते एकदा," ताई म्हणाली. "आईने तुला जेवायला बोलवायला पाठवलं होतं. पडदा बाजूला केला तर सगळी पोरं मान वळवून बघायला लागली. तूही बघितलंस आणि परत स्क्रीनकडे तोंड केलंस. मग मी बाहेर उभी राहिले. एका पोराला सांगितलं, त्याला म्हणावं घरी ये."

मला तो दिवस आठवत होता. ताईने निरोप पाठवून मित्रांसमोर माझी शोभा केली म्हणून मी घरी जाऊन तिच्यावर चिडलो होतो, एवढंच आठवत होतं. ती दारात आली होती आणि मी तिला पाहिलं होतं, हे मी कधीच पुसून टाकलं होतं.

मी काही बोललो नाही. तीही पुढे काही म्हणाली नाही. भाचीने कॉन्ट्रा शोधून काढला होता. ताईने एक नंबर तिच्याकडेच ठेवला आणि जादा रिमोट स्वतःच्या हातात घेतला. तिसऱ्या टप्प्यावर धबधबा आला तेव्हा ती पहिल्याच दगडावर थांबली.

"उडी मार," ती लेकीला म्हणाली. "मी आहे इथेच."

मी विचारलं, "आणि मी?"

"तू पुढच्या डावाला. आधी बघ."

मी मांडी घालून शेजारी बसलो.