पडदा ओढा, झेरॉक्स काढायची आहे

जिना चढताना नाक तयार ठेवा. खाली बार आहे, त्यामुळे पहिल्या काही पायऱ्या बिअर आणि तळणीच्या वासात जातील. तो वास संपतो न संपतो तोच वरून गंधक येतो, थेट घशात. दिवाळीत भुईनळा विझल्यावर अंगणात जो धूर रेंगाळतो, तो एका बंद खोलीत कोंडला तर कसं होईल, तसं. तिकडे महाराष्ट्रात सध्या खरोखरच दिवाळीचे दिवस आहेत. तुम्ही मात्र न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात आहात, अस्टोरिया नावाच्या वस्तीत, आणि आज २२ ऑक्टोबर १९३८, शनिवार.

खोली छोटी. शिरा आत, पण कोपर सांभाळा, टेबलावर काचा आहेत.

पाठ जरा अवघडून उभे आहेत ते चेस्टर कार्लसन. बुजरा माणूस. दिवसा एका कंपनीच्या पेटंट विभागात नोकरी, संध्याकाळी वकिलीचे वर्ग, आणि मणक्याचा संधिवात. पेटंटच्या कामात एकाच मजकुराच्या प्रती पुन्हा पुन्हा लागतात. कार्बन पेपर ठरावीक प्रतींपुढे जात नाही, फोटो काढून घ्यायचा तर पैसे आणि वेळ दोन्ही जातात. हाताने नकला करून करून हा माणूस वैतागला, आणि ओल्या रसायनांशिवाय प्रत काढता येईल का या एकाच विचाराने त्याला पछाडलं. आधी घरच्या स्वयंपाकघरात गंधक वितळवणं चालायचं. त्या वासात घरच्यांचे आणि शेजाऱ्यांचे दिवस कसे गेले असतील, हे आता तुमचं नाकच सांगेल.

दुसरे ओटो कोर्नाय. ऑस्ट्रियातून निर्वासित होऊन आलेले, शिकलेले, हाताला काम नसलेले. कार्लसननी स्वतःच्या तुटपुंज्या पगारातून त्यांना मदतनीस म्हणून ठेवलं आहे. हात यांचे चालतात. बघा, जस्ताचा एक पत्रा त्यांनी तयार केलाय. त्यावर गंधकाचा पातळ पिवळा थर आहे, गुळगुळीत. बोट लावू नका! खरंच, लावू नका. आजचं सगळं नाटक त्या थरावर उभं आहे. त्याला बारीकसं छिद्र असलं तरी विजेचा भार तिथून गळून जाईल.

आता कोर्नाय सूक्ष्मदर्शकाची काचपट्टी घेतात आणि काळ्या शाईने त्यावर लिहितात: आजची तारीख आणि अस्टोरिया. शोध लावायला बसलेली माणसं काहीतरी भारदस्त लिहितील असं तुम्हाला वाटलं असेल. यांनी वहीच्या कोपऱ्यात टिपावं तसं लिहिलं. मला तर तेच आवडतं.

पडदा ओढा. तुम्हीच ओढा, तुम्ही खिडकीजवळ आहात.

अंधार झाला. आता फक्त आवाज: खर्र, खर्र, खर्र. सुती रुमालाने गंधक घासला जातोय. हे दोघं हा प्रयोग लागोपाठ अनेकदा करणार आहेत, कारण त्यांचाच विश्वास बसणार नाही, तेव्हा एका फेरीला रुमाल तुमच्या हाती आला तर मागे सरू नका. जोरात घासा. हाताखाली थर किंचित कोमट होतो, आणि घासून घासून त्यावर विद्युतभार चढतो. अंधार असेपर्यंत गंधक हा भार धरून बसतो.

काचपट्टी थरावर ठेवली. दिवा! प्रखर बल्ब, डोळे चोळावेत असा, काही सेकंदच. जिथे उजेड पडला तिथे गंधकातून वीज वाहू लागली आणि भार खालच्या जस्तात उतरून गेला. शाईच्या सावलीत होता तेवढा जागच्या जागी राहिला. काचपट्टी उचलली आणि... पत्रा तसाच. पिवळा, कोरा. काहीही दिसत नाही. अक्षरं तिथे आहेत, पण फक्त विजेच्या रूपात, आणि तुमच्या डोळ्यांना वीज वाचता येत नाही.

म्हणून भुकटी. लायकोपोडियम, शेवाळासारख्या दिसणाऱ्या एका वनस्पतीचे बीजाणू, इतके बारीक की चिमटीतून निसटतात. ती थरावर भुरभुरली. श्वास रोखा, शिंक आली तर नाक दाबा. आता कार्लसन वाकून हलकी फुंकर मारतात. सैल भुकटी उडते, थोडी तुमच्या कोटावरही येते.

आणि पत्र्यावर तारीख उरते. खाली अस्टोरिया. जरा फिसकटलेलं, पण स्वच्छ वाचता येण्यासारखं. मेणकागद दाबून कार्लसन भुकटी त्यावर उचलून घेतात, कागदाला ऊब देतात, मेण वितळून भुकटीला धरतं, झाली प्रत. खोलीत कोणी नाचत नाही. पुन्हा करून बघतात. मग पुन्हा. मग दोघं जेवायला बाहेर पडतात. तुम्हीही खाली उतरा आणि छातीभर हवा घ्या.

पुढची वीस-बावीस वर्षं आपण गाळूया. त्यात बहुतेक नकारच आहेत: आयबीएम, जनरल इलेक्ट्रिक, आरसीए, सगळ्या बड्या कंपन्यांनी हात झटकले. कोर्नायही लवकरच दुसऱ्या नोकरीला गेले. शेवटी ओहायोतली बॅटेल संशोधनसंस्था आणि रॉचेस्टर शहरातली हॅलॉइड नावाची कागदवाली छोटी कंपनी यांनी हे लोढणं गळ्यात घेतलं. एका गोष्टीसाठी मात्र क्षणभर थांबा. गंधक गेला, त्याच्या जागी सेलेनियम आलं. निर्वात पेटीत सेलेनियमची वाफ करायची आणि ती ॲल्युमिनियमच्या ड्रमवर बसू द्यायची, फार तर केसाच्या जाडीची. वर काळपट चकाकी. हा थर जास्त तापला तर त्याचे स्फटिक होतात, अंधारातही वीज सुटू लागते आणि ड्रम वाया. आणि ठेवायचा कुठे? ज्या यंत्रात कागदावरची पूड वितळवायला भट्टी लागते, त्याच यंत्रात!

ते यंत्र तुमच्यासमोर आहे. झेरॉक्स ९१४. साल १९६० च्या जरा पुढचं, ऑफिस अमेरिकेतलं. टाइपरायटर तडतडतायत, प्रत्येक टेबलावर राखदाणी, टाइपिस्टच्या बोटांना कार्बनची निळाई. मधोमध हे धूड, तीनशे किलोच्या आसपास, भोवती उकाडा आणि ओझोनचा तिखट वास. कागद काचेवर उलटा ठेवा, बटण दाबा. आत ड्रम फिरतो, काळी पूड बारीक मण्यांबरोबर त्यावरून सरसरत ओघळते, मग कागदावर न उतरता चिकटून राहिलेली पूड ड्रमवरून पुसली जाते, सशाच्या पोटाच्या मऊ लवेने. थराला ओरखडा नको म्हणून एवढे लाड.

मिनिटाला सात प्रती. पहिला कागद हातात घ्या. कोरडा आहे आणि गरम! मागे रांग लागलीय. पुढच्या बाई ऑफिसच्या पत्रांखाली केकची कृती लपवून आल्यात, सगळ्यांना ते माहीत आहे. त्या अजून चिडलेल्या आहेत: टीव्हीवरच्या जाहिरातीत चिंपांझी हे यंत्र चालवतो, आणि दुसऱ्या दिवशी सेक्रेटऱ्यांच्या टेबलांवर लोकांनी केळी आणून ठेवली. महिन्याच्या भाड्यात दोन हजार प्रती फुकट, त्यापुढे दर प्रतीला चार सेंट, मीटर चालू आहे, पण केकच्या कृतीला कोण मोजतो.

करपल्याचा वास आला का? कागद आत अडकला आणि भट्टीपाशी पोहोचला. घाबरू नका, असं होतं. यंत्रासोबत कंपनीने आग विझवायचं नळकांडं दिलंय, फक्त विक्रेत्यांना तो शब्द नको होता, म्हणून त्याचं नाव 'स्कॉर्च एलिमिनेटर'. ते त्या बाईंकडे द्या, त्यांना सवय आहे. आणि बाजूला सरका, रांगेतल्या माणसाला अजून चाळीस पानं काढायची आहेत.